धुतलेली भांडी

"डिशवॉशर कुठे ठेवायचा?" असं दारातल्या माणसाने विचारलं, तेव्हा घड्याळजी स्वयंपाकघरात सकाळच्या चहाचे कप धूत होते. कमरेला टॉवेल आणि कोपरापर्यंत साबणाचा फेस अशा अवस्थेत ते बाहेर आले आणि म्हणाले, "घर चुकलात तुम्ही. या घरातला डिशवॉशर मीच आहे."

दारात दोन धिप्पाड माणसं आणि त्यांच्यामध्ये एक भलंमोठं खोकं उभं होतं. त्यातल्या एकाने हातातला कागद वाचला, दारावरचा आकडा वाचला आणि घड्याळजींना नखशिखान्त पाहिलं. "पत्ता हाच आहे काका. तुमच्या मुलीने पाठवलंय. जुना असेल तर तो बदल्यात घेऊन जातो."

तो बिचारा जुन्या मशीनबद्दल बोलत होता, पण घड्याळजींनी ते मनाला लावून घेतलं.

घड्याळजींचं बाजारातल्या वळणावर अडतीस वर्षं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक माणूस, एक टेबल आणि एक दिवा मावेल एवढी जागा. तिथे डोळ्याला भिंग लावून त्यांनी मोहरीपेक्षा बारीक स्क्रू बसवण्यात आयुष्य काढलं. तीन वर्षांपूर्वी दुकान बंद केलं. का बंद केलं असं कोणी विचारलं, तर ते सांगत, "आता दुरुस्त कोण करतंय? बंद पडलं की नवं घेतात." हे खरंच होतं. पण शेवटच्या महिन्यात तीन गिऱ्हाइकांची घड्याळं आत मोकळा स्क्रू खुळखुळत परत आली होती, हेही खरं होतं, आणि ते घरात कोणी बोलत नसे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत चालला होता. लेक डॉक्टरांचं नाव काढायची तेव्हा घड्याळजी म्हणायचे, "माझे डोळे ठणठणीत आहेत. हल्ली दिवेच मंद येतात."

दुकान गेल्यावर घरातली भांडी त्यांनी आपण होऊन मागून घेतली. कामाची पद्धत दुकानाचीच. वेळा ठरलेल्या, क्रम ठरलेला. आधी काचेचे पेले, मग कप, मग ताटल्या, शेवटी पातेली. धुतलेले कप कपाटात लावायचे ते असे की सगळ्यांचे कान उजवीकडे, एका ओळीत. येणाऱ्याजाणाऱ्याला ते कपाट उघडून दाखवायचे. "कामाला माणूस नाही, मशीन नाही. सगळं आपल्या हातानं," असं म्हणताना त्यांचा आवाज दुकानाच्या दिवसांतला व्हायचा.

आता या घरातलं गुपित सांगायला हरकत नाही, कारण घड्याळजींना सध्या एवढी बारीक अक्षरं वाचता येत नाहीत. त्यांनी धुतलेली भांडी स्वच्छ नसत. कपाच्या तळाशी चहाचं वर्तुळ राही, ताटलीच्या काठाला तेलाचा पट्टा राही, आणि दुधाच्या पातेल्याबद्दल तर न बोललेलंच बरं. घड्याळजींची बायको, जिला सगळी इमारत काकू म्हणते, ती हे पहिल्या दिवसापासून पाहत होती. पहिल्याच आठवड्यात तिने नवऱ्याला सांगितलं, "रोज चारला जरा फिरून येत जा. पाय मोकळे होतात." तेव्हापासून घड्याळजी चारच्या ठोक्याला बाहेर पडायचे. ते समोरचा रस्ता नीट ओलांडेपर्यंत काकू खिडकीत उभी राहायची. मग बाही वर करून सगळी भांडी पुन्हा धुवायची, पुसायची आणि कपांचे कान उजवीकडे करून जशीच्या तशी लावून ठेवायची. पावणेपाचला घड्याळजी परत यायचे आणि काकू मासिक वाचत बसलेली असायची. तीन वर्षांत ते मासिक काही पुढे सरकलं नव्हतं.

या उद्योगात बिघडले ते काकूचे हात. साबण तिला सोसेना. बोटांची सालं गेली, पेरांना चिरा पडल्या. मागच्या महिन्यात लेक आली होती, तिने आईची बोटं पाहिली आणि तिला धरून त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, भांड्यांच्या साबणात हात घालायचा नाही. "पण भांडी तर बाबा घासतात!" लेक म्हणाली. काकूने छताकडे पाहिलं.

मशीन आल्याबरोबर घड्याळजींनी लेकीला फोन लावला. "अगं, दोन माणसांच्या घरात हे धूड कशाला? चार कप, चार ताटल्या. अर्ध्या तासात मी मोकळा होतो."

"बाबा, आईच्या हातांसाठी पाठवलंय."

"आईच्या हातांचा आणि भांड्यांचा काय संबंध? भांडी मी घासतो."

मग लेक म्हणाली, "तेच तर मला कळत नाहीये बाबा. आईला द्या."

काकूने फोन घेतला आणि पाठ वळवली. "आई," लेक हळूच म्हणाली, "मला काही सांगू नकोस. फक्त मशीन वापर."

पण मशीन वापरायचं कसं? घड्याळजी सिंकसमोरून हलायला तयार नव्हते. तीन दिवस खोकं बैठकीत उभं राहिलं आणि घड्याळजी त्याला वळसा घालून जात राहिले. कंपनीतल्या माहिती देणाऱ्या बाईंनी फोनवर सांगितलं की मशीनला साबणाच्या गोळ्या लागतात आणि महिन्यातून एकदा मीठही लागतं. "मीठ?" घड्याळजी म्हणाले. "भांडी घासायला आलंय की जेवायला?" भांडी धुवायला दोन तासांच्या वर लागतात हे ऐकून तर त्यांना खरा आनंद झाला. चौथ्या दिवशी त्यांनी निर्णय जाहीर केला.

"परीक्षा होऊ दे. सारखीच खरकटी भांडी दोघांना द्यायची. अर्धी मला, अर्धी त्याला. त्याने माझ्यापेक्षा चांगली धुतली तर राहील. नाहीतर परत. आठ दिवसांत परत घेतात ते."

"अहो, परीक्षा कसली? ते मशीन आहे," काकू म्हणाली.

"मी आयुष्यभर मशीनच तपासली आहेत. आणि तपासणीला तिऱ्हाईत माणूस हवा. वरच्या सिस्टरना सांगतो."

वरच्या मजल्यावरच्या सिस्टर मोठ्या इस्पितळात शस्त्रक्रियेच्या खोलीच्या प्रमुख होत्या. त्यांच्या नजरेतून डाग सुटला असं एकदाही घडलं नव्हतं. त्यांचं नाव ऐकताच काकू मनात हिशोब करू लागली. नवरा जिंकला तर मशीन परत जाणार आणि हातांची सालं जाणं चालूच राहणार. नवरा हरला तर त्याला चारचौघांत कळणार की त्याला आता कपातला डागही दिसत नाही. इकडे आड, तिकडे विहीर. बराच विचार करून काकूच्या ध्यानात आलं की आपल्याला फक्त बरोबरी परवडण्यासारखी आहे. बरोबरी झाली तर दोघंही राहतील.

परीक्षेच्या आदल्या दिवशी कंपनीच्या माणसाने येऊन मशीन सिंकशेजारी जोडून दिलं. परीक्षेच्या दिवशी काकूने मुद्दाम चिकट स्वयंपाक केला. अंडी, रस्सा, भात आणि दोन पातेल्यांत दूध, तेही थोडं करपवून. घड्याळजींच्या हट्टाने सगळं समसमान खरकटं झालं. प्रत्येकाच्या वाट्याला चार ताटल्या, चार कप आणि एक पातेलं आलं. मशीन भरायचं कामही घड्याळजींनी स्वतःकडे घेतलं. पुस्तिका त्यांनी उघडली नाही. "पुस्तिका ज्यांना यंत्र कळत नाही त्यांच्यासाठी असते," ते म्हणाले. ती अक्षरं त्यांना दिसत नाहीत हे काकूला माहीत होतं, म्हणून तीही काही बोलली नाही.

घड्याळात जागा वाया घालवायची नसते. चाकात चाक, चाकाखाली चाक असं बसवतात. घड्याळजींनी मशीनही तसंच भरलं. ताटलीच्या पोटात ताटली, तिच्या पोटात पातेलं, पातेल्यात कप. एवढं करूनही जागा उरली तेव्हा त्यांना अस्वस्थ वाटलं. मग त्यांनी तिथे चाळणी, दोन बरण्या आणि लांब दांड्याचा डाव कोंबला. डावाचा दांडा जाळीतून खाली गेला आणि पाणी उडवणाऱ्या फिरत्या पात्याला जाऊन अडला, हे त्यांना कुठून दिसणार?

मशीन सुरू झालं. घड्याळजींनी स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनच्या दाराला आणि मूठ स्वतःच्या कानाला लावली. आतून ठक, ठक, ठक असा आवाज येत होता. "ऐकलंस?" ते म्हणाले. "ठोका कसा बिनचूक आहे बघ. बनवणाऱ्याने मन लावून बनवलंय." मग ते सिंककडे वळले आणि चोवीस मिनिटांत आपला वाटा धुऊन मोकळे झाले. मशीनला दोन तास अकरा मिनिटं लागली. ती त्यांनी खिशातल्या घड्याळावर मोजली.

मशीनचं दार उघडलं तेव्हा काकू दोन पावलं मागे उभी होती आणि तिथूनही तिला पिवळा बलक दिसला. गरम वाफेत दोन तास भाजून तो ताटलीला पक्का बसला होता. भाताची शितं कपांत जाऊन चिकटली होती. घड्याळजींनी एक ताटली खिडकीच्या उजेडात धरली, या बाजूने पाहिली, त्या बाजूने पाहिली. "खोटं कशाला बोलू?" ते शेवटी म्हणाले. "वाईट धूत नाही हं. माझ्याएवढंच धुतं."

हे मात्र शंभर टक्के खरं होतं. काकूला हसू आलं आणि लगेच डोळ्यांत पाणी आलं, म्हणून ती कपाटाकडे तोंड करून उभी राहिली.

घड्याळजींनी दुकानातून आणलेला जुना डबा काढला. त्यात दोरा लावलेल्या पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या होत्या. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक घड्याळाला अशी चिठ्ठी बांधली जायची. त्यांनी प्रत्येक कपाच्या कानाला चिठ्ठी बांधली, पातेल्यांच्या दांड्यांना बांधली आणि ताटल्यांच्या दोन चवडी दोऱ्याने उभ्याआडव्या आवळल्या. डावीकडे स्वतःचा माल ठेवला आणि उजवीकडे मशीनचा. गाठ त्यांची खास होती. सुरगाठच, पण तिला एक जादा वळसा. एरवी कितीही हलवा, सुटणार नाही, आणि शेपूट ओढलं की एका हिसक्यात मोकळी. अडतीस वर्षं ती गाठ त्यांनी न बघता बांधली होती, आणि आताही न बघताच बांधली.

"आता सिस्टर पाचला येतील. तोवर कोणी हात लावायचा नाही," ते खुर्ची ओढून टेबलासमोर बसले.

घड्याळात चार वाजले. "फिरायला नाही जायचं?" काकूने विचारलं.

"आज रद्द. निकाल लागेपर्यंत माल सोडून कुठं जात नसतात."

सव्वाचार झाले. काकू डबे उघडून पाहू लागली. "अहो, सिस्टर दिवसभर उभ्या राहून दमून येणार. घरात एक बिस्किट नाही."

"पंचाला खाऊ घालायचं म्हणजे लाच होते."

"घरी आलेल्या माणसाला नुसता चहा देणं म्हणजे काय होतं?"

साडेचारला घड्याळजी पिशवी घेऊन बाहेर पडले. त्या दिवशी काकू त्यांनी अर्धा रस्ता ओलांडेपर्यंतच खिडकीत थांबली. मग धावली.

दुकानाच्या गाठी ओढल्याबरोबर सुटल्या. डावा माल, उजवा माल, सगळा एकाच सिंकमध्ये गेला. डॉक्टरांनी दिलेले रबरी हातमोजे घालून बलक खरवडला जात नव्हता, म्हणून ते काढून फेकले. काकू घासत होती आणि मनातल्या मनात स्वतःला बोलत होती. घरात भांडी धुणारा नवरा आहे, भांडी धुणारं मशीन आहे आणि मी दोघांची भांडी धुतेय! मशीन नव्हतं तेव्हा निदान एकाचीच धुवावी लागत होती. कुठला कप कोणाचा हे आता देवालाही सांगता आलं नसतं. तिने आठ कप चार-चार करून टाकले आणि चिठ्ठ्या बांधायला घेतल्या. बोटं ओली होती, चिरांमध्ये साबण झोंबत होता आणि ती गाठ काही जमेना. जादा वळसा आधी घ्यायचा की नंतर? जिन्यावर पावलं वाजली. काकूने सगळीकडे धडाधड साध्या निरगाठी मारल्या, मासिक ओढलं आणि खुर्चीत पडली.

घड्याळजी आणि सिस्टर एकदमच आत आले. जिन्यात गाठ पडली होती. सिस्टरनी चष्मा लावला, पिशवीतून कापसाचा बोळा काढला आणि चहाला "नंतर" म्हणाल्या.

"सुरू करा," घड्याळजी म्हणाले. शाळेतल्या मुलाला निकालाच्या दिवशी वाटावी तशी भीती या वयात त्यांना वाटत होती, आणि ती लपवायला ते जरा जास्तच मोठ्याने बोलत होते. "आधी डावीकडचा. तो माझा."

सिस्टरनी ताटल्यांचा दोरा ओढला. गाठ सुटेना. "घट्ट आहे हो."

"थांबा, थांबा. दुकानाची गाठ आहे ती. एका हिसक्यात सुटते, युक्ती आहे." घड्याळजींनी ऐटीत शेपूट पकडलं आणि ओढलं. गाठ आणखी आवळली.

त्यांनी पुन्हा ओढलं. मग त्यांची बोटं थांबली. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये ती गाठ त्यांनी हळूच फिरवली. मग बाजूच्या कपाची गाठ चाचपली, मग पुढच्या कपाची. टेबलाच्या उजव्या टोकापर्यंत जाऊन त्यांनी मशीनच्या मालाच्या गाठीही एकेक करून तपासल्या. डोळे गेले होते तरी बोटं गेली नव्हती. काकूने मासिकाचं पान उलटलं, तीन वर्षांत पहिल्यांदा.

"काय झालं?" सिस्टरनी विचारलं.

"काही नाही," घड्याळजी म्हणाले. "दोरा जुना झालाय. अगं, कात्री दे."

सिस्टरनी अठरा भांडी तपासली. कापसाचा बोळा कडेने फिरवला, तळाशी फिरवला, उजेडात पाहिला. उजवीकडच्या एका कपापाशी त्या थबकल्या. "मशीन कधी थांबलं?"

"अडीचला," घड्याळजींनी सांगितलं.

"मग हा अजून ओला कसा?"

सिस्टरनी चष्म्यावरून काकूकडे पाहिलं. काकूने मासिक वर उचललं, आणि नेमकी तिची बोटं मासिकाच्या बाहेर राहिली. लाल, सुजलेली, पाण्यात राहून सुरकुतलेली. माणसाच्या पोटातलं बघून बघून सिस्टरना माणसाच्या मनातलंही कळू लागलं असावं. त्या उठल्या.

"बरोबरी," त्या म्हणाल्या. "दोन्हीकडची इतकी स्वच्छ आहेत की मी यात ऑपरेशन करीन. आणि काकू, उद्या वर या, मलम देते. चहा राहू दे आज."

दार लागलं. घड्याळजींनी कापलेले दोरे गोळा करून डब्यात टाकले. मग ते काकूसमोर येऊन बसले आणि म्हणाले, "हात दे."

"कशाला?"

"दे गं."

काकूने हात पुढे केला. घड्याळाच्या काचेवरचा केसाएवढा ओरखडा ज्या बोटांना लागायचा, त्या बोटांनी घड्याळजींनी बायकोच्या हातावरची एकेक चीर चाचपली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असा हातात हात घेऊन बसायची त्या दोघांची रीत नव्हती. नाहीतर हे फार आधीच कळलं असतं.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"माझी भांडी कधीपासून धुतेस?"

काकूने खोटं शोधून पाहिलं, पण सापडलं नाही. "पहिल्यापासून."

"तीन वर्षं? कधी धुतेस? मी तर घरातच असतो. फक्त चार ते पावणेपाच..." आणि त्यांनी दाराकडे पाहिलं. "म्हणजे माझं फिरणं..."

"फिरणं तब्येतीला चांगलंच असतं," काकू घाईघाईने म्हणाली.

घड्याळजी हसले नाहीत. "सांगितलं का नाहीस? एक शब्द बोलली असतीस तर मी सोडलं असतं हे काम. हात सोलून घेतलेस, पण बोलली नाहीस."

"सोडलं असतंत म्हणूनच नाही बोलले," काकू म्हणाली. "दुकान बंद केलंत आणि आठ दिवस त्या खुर्चीत बसून होतात. आठवतंय? दाढी नाही, बोलणं नाही. वाढलं तर जेवायचात, नाहीतर तसेच. मी रोज देवाला सांगत होते की या माणसाला उठव. नवव्या दिवशी तुम्ही उठलात आणि आपला कप धुतलात. कपाला डाग तसाच होता. पण तुम्ही उठला होतात. मी काय कपाचा डाग दाखवत बसू?"

घड्याळजींनी तिचा हात सोडला नाही. खाली रस्त्यावर कोणीतरी कोणालातरी हाका मारत होतं. पिशवीतली बिस्किटं टेबलावर तशीच पडली होती.

"मशीन राहू दे," ते अखेर म्हणाले.

"आणि तुम्ही?"

"मी रोज धुतो तसं धुणार. माझी वेळ ठरलेली आहे. पण मी धुतलेली भांडी परत धुवायला घरात कोणीतरी पाहिजे. ते काम मशीनला दे. आणि तो डाव आधी बाहेर काढ. आत कशाला तरी अडत होता. मला ठोक्यावरून शंका आली होती."

अशी शंका त्यांना बिलकूल आली नव्हती, पण काकूने तेवढं सोडून दिलं. नंतर स्वयंपाकघरात ती बिस्किटं डब्यात भरत होती तेव्हा ते दारात येऊन उभे राहिले. "ते डोळ्यांचे डॉक्टर," त्यांनी सहज आठवल्यासारखं विचारलं, "लेक कोणाचं नाव सांगत होती?"

दोन महिन्यांत दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली. दुसरी पट्टी निघाली त्या दिवशी घरी आल्यावर घड्याळजी खोल्याखोल्यांतून फिरत होते. "अगं, ही भिंत पिवळी कधी झाली?" "पहिल्यापासून पिवळीच आहे." "आणि हा पडदा?" "तो तुम्हीच निवडला होता." मग त्यांनी काकूचे दोन्ही हात उजेडात ओढून नेले आणि उलटेपालथे करून पाहिले. हात बरे झाले होते. दोन-तीन ठिकाणी फक्त फिकट रेघा उरल्या होत्या. त्या रेघांकडे ते इतका वेळ बघत राहिले की शेवटी काकूलाच अवघडल्यासारखं झालं.

भांड्यांचा नियम आता बदलला. घड्याळजींना दिसू लागलं होतं, तेव्हा एकाच भांड्याला दोनदा पाणी दाखवण्यात अर्थ नव्हता. शिवाय डॉक्टरांनी सांगितलं होतं की महिनाभर डोळ्यांत साबणाचा शिंतोडा जाता कामा नये. मशीनने पूर्ण कारभार हातात घेतला. जेवणानंतर घड्याळजी काही दिवस रिकाम्या हाताने सिंकशी उभे राहायचे, मग वर्तमानपत्र घेऊन बसायचे. आता अक्षरंही दिसत होती. काकू खुर्चीकडे पाहायची आणि जरा धास्तावायची. कपाटात कपांचे कान चारी दिशांना असायचे, कारण मशीनमधून काढून ती कसेही ठेवायची. आता लपवायचं काही नव्हतं ना!

महिना संपला तसं एकदा दुपारी घड्याळजींनी कपाटातून पेला काढला आणि खिडकीसमोर धरला. पेल्यावर वाळलेल्या थेंबांचे बारीक पांढरे ठिपके होते. इतके बारीक की दुसऱ्या कोणाला दिसले नसते. त्यांनी खिशातून जुनं भिंग काढून डोळ्याला लावलं, पेला फिरवून पाहिला आणि परत ठेवला. दोन दिवसांनी जेवताना ते म्हणाले, "तू दिवसभर घरातच असतेस. चारला जरा फिरून येत जा. पाय मोकळे होतात."

काकूला ते पटलं. ती रोज चारला बाहेर पडू लागली. वळून पाहिलं की खिडकीत नवरा उभा दिसायचा. ती रस्ता ओलांडेपर्यंत तो तिथे असायचा.

आठवड्याने लेकीचा फोन आला तेव्हा काकू नुकतीच फिरून आली होती. घड्याळजी खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचत होते, आणि ते उलटं धरलेलं होतं. बाहीचं टोक ओलं होतं. फोन कानाला लावून काकूने चहासाठी कपाट उघडलं. सगळ्या कपांचे कान उजवीकडे होते, एका ओळीत. तिने एक कप उचलला. तो चकचकीत होता आणि तळाशी किंचित ओला.

"आई, मशीनचा उपयोग होतो ना गं?" लेक विचारत होती. "की उगाच घेतलं?"

काकूने कप होता तसा, कान उजवीकडे करून, परत ठेवला. "होतो गं," ती म्हणाली. "फार उपयोग होतो. तुझ्या बाबांना तर फारच."

दुसऱ्या दिवशी चार वाजता तिने चपला घातल्या, रस्ता ओलांडला, खिडकीकडे पाहून हात हलवला आणि रोजच्यापेक्षा जरा लांबच्या वाटेला लागली.